जुन्या इंग्रजी कागदांच्या अनुवादात उतरताना

माझी पहिली मोठी चूक ‘डाउट’ या शब्दात झाली. इंग्रजी साहित्यात एम.ए. होऊन वर्षही झालं नव्हतं. पुण्यातल्या एका संशोधक बाईंना सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या सतराव्या शतकातल्या पत्रांचे मराठी तर्जुमे हवे होते आणि ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. अमुक एक फौज आपल्या बाजूला वळण्याबद्दल वखारवाल्यांना ‘डाउट’ आहे, असं त्यात एक वाक्य होतं. मी लिहून दिलं, ‘फौज इकडे येईल असे आम्हांस वाटत नाही.’

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “फौज येणार नाही असं यांना वाटतंय, तर पुढच्या ओळीत हे लोक घाईघाईने माल जहाजावर का चढवतायत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात होतं. त्या काळच्या इंग्रजीत ‘डाउट’ या क्रियापदाचा एक सर्रास चालणारा अर्थ होता धास्ती वाटणे, अमुक होईल असं भय धरणे. म्हणजे वाक्याचा अर्थ ‘फौज येईल अशी आम्हांस धास्ती आहे’ असा होता. मी नेमका उलटा अर्थ दिला होता. तो तसाच छापून गेला असता तर त्यावर उभा राहणारा बाईंचा सगळा युक्तिवाद कोसळला असता. खरं तर आपल्या मराठीतही ‘शंका’ दोन्हीकडे झुकते. ‘तो येईल की नाही याची शंका आहे’ आणि ‘तोच चोर असावा अशी मला शंका आहे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पण हे सुचायला आधी शब्दावर थांबावं लागतं, आणि मी थांबले नव्हते. कारण शब्द मला ‘येत’ होता.

या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट आधी सांगते. ‘मेस्युएज’, ‘मॉइटी’, ‘व्हिदर’ असे शब्द तुम्हाला कधीच फसवणार नाहीत. ते अनोळखी दिसतात, तुम्ही कोश उघडता, अर्थ सापडतो, पुढे जाता. आजही रोज वापरात असलेला, स्पेलिंगही तेच असलेला आणि अर्थ मात्र मधल्या तीनशे वर्षांत सरकलेला शब्दच घात करतो. तिथे कोश उघडायचं मनातच येत नाही.

वखारीच्या पत्रांचंच पाहा. ‘फॅक्टरी’ हा शब्द दिसला की नवखा माणूस ‘कारखाना’ लिहितो. पण सुरतेला किंवा राजापूरला इंग्रज काही तयार करत नव्हते. ‘फॅक्टर’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी गुमास्ता आणि तो जिथे राहतो, माल साठवतो, सौदे करतो ती ‘फॅक्टरी’. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे, वखार. १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरला इंग्रजांची वखार लुटली, कारखाना नव्हे. ‘प्रेसिडेंट’ म्हणजे सुरतेच्या वखारीचा मुख्य. ‘सर्व्हंट’ म्हणजे कंपनीचा नोकरदार, घरगडी नव्हे. ‘रायटर’ ही तर कंपनीच्या नोकरीतली सगळ्यात खालची पायरी, कारकून. बढती मिळाली की तो फॅक्टर व्हायचा. कोलकात्याच्या ‘रायटर्स बिल्डिंग’चं नाव या कारकुनांवरून पडलं, साहित्यिकांवरून नव्हे. ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण ‘गुंतवणूक’ लिहिलं तरी वाक्य वरवर बरोबरच वाटतं. कंपनीच्या पत्रांत त्याचा अर्थ बहुधा विलायतेला पाठवण्यासाठी इथे केलेली मालाची खरेदी, किंवा तो मालच, असा असतो.

आणि ‘प्रेझेंटली’! हा शब्द दिसला की आपण ‘सध्या’ लिहितो. शेक्सपिअरच्या काळात आणि पुढेही बराच काळ तो ‘ताबडतोब’ या अर्थाने चालत होता. बंदुकीची दारू ‘प्रेझेंटली’ पाठवा, असं कुणी लिहिलं असेल तर तो जिवाच्या आकांताने मागतो आहे.

‘पिऑन’वर माझा विशेष जीव आहे. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द मुळात पायी चालणारा, पायदळातला माणूस अशा अर्थाचा. जुन्या पत्रांतले ‘पिऑन’ हत्यारबंद असतात, खजिन्याबरोबर चालतात, निरोप पोहोचवतात. पुढे कचेरीत साहेबाच्या दाराशी बसणारा तोही पिऑनच झाला. आता आपला ‘शिपाई’ पाहा. फारसीतून आला तेव्हा तो फौजेतला सैनिक होता. आज शाळेची घंटा वाजवणाराही शिपाई आणि हवालदाराच्या हाताखालचाही शिपाई. दोन वेगळ्या भाषांतून आलेले दोन शब्द एकाच वाटेने चालत आले. त्यामुळे इथे अनुवाद करताना ‘शिपाई’ हाच शब्द दोन्ही काळांना पुरतो. असं भाग्य दुसऱ्या शब्दांना सहसा लाभत नाही.

‘इंडिफरंट’चंही तसंच. आज त्याचा अर्थ बेपर्वा. जुना अर्थ निःपक्षपाती. १६६२च्या इंग्लिश प्रार्थना-पुस्तकात न्याय ‘इंडिफरंटली’ व्हावा अशी विनवणी आहे, म्हणजे कुणाकडेही न झुकता. आपल्या ‘उदासीन’ शब्दाची गतही नेमकी हीच झाली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, अरी यांच्या रांगेत जो ‘उदासीन’ येतो, तो तटस्थ माणूस आहे. आज आपण ‘सरकार या प्रश्नाबाबत उदासीन आहे’ असं म्हणतो. मराठीतले असे सरकलेले शब्द माहीत असणं या कामात फार उपयोगी पडतं. एका भाषेत अर्थ कसा सरकतो हे कळलं, की दुसऱ्या भाषेत तो सरकल्याचा वास लवकर येतो.

आता कोशांविषयी. सगळे कोश सारखे नसतात आणि ही गोष्ट मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

आपल्या हाताशी असतात ते विद्यार्थ्यांसाठीचे कोश. ते आजचा सर्वांत रुळलेला अर्थ पहिला देतात. आजचं इंग्रजी वाचायला ते उत्तम. पण जुन्या कागदासाठी हवा तो कोश, ज्यात अर्थ कालक्रमाने लावलेले असतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी. ऑक्सफर्डचा मोठा कोश असा आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७मध्ये त्याची कल्पना निघाली, १८७९मध्ये जेम्स मरी संपादक झाले, १८८४मध्ये पहिला भाग निघाला आणि पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. मरी तोवर हयातही नव्हते. हजारो वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पाठवली आणि त्यांवर हा कोश उभा राहिला. म्हणून त्यातल्या नोंदीत अर्थाइतकीच खालची अवतरणं मोलाची असतात. कोणत्या साली कुणी हा शब्द कसा वापरला, हे तिथे ओळीने दिसतं. तुमचं पत्र १६६४चं असेल तर १६००पासून १७००पर्यंतची अवतरणं वाचा. अर्थ नंतर वाचला तरी चालेल.

त्या कोशातलं खंजिराच्या आकाराचं चिन्ह ओळखायला शिका. ज्या शब्दापुढे किंवा अर्थापुढे ते आहे तो मेलेला आहे, आज कुणी तो वापरत नाही. ‘आर्केइक’ अशी खूण असेल तर शब्द जुनाट आहे, पण प्रार्थनेत, कवितेत, कायद्यात मुद्दाम वापरला जातो. ‘हिस्टॉरिकल’ ही खूण आणखी वेगळी. शब्द जिवंत आहे, पण ती वस्तू किंवा तो हुद्दा आता उरलेला नाही. मराठीत ‘फडणवीस’ आडनाव म्हणून जिवंत आहे आणि हुद्दा म्हणून इतिहासजमा, असंच काहीसं. या तीन खुणांतला फरक कळला की अनुवादात कुठे जुनी मराठी वापरायची आणि कुठे साधी, हेही ठरवता येतं.

मोठा कोश घरी परवडत नाही. त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे आणि ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. दोन खंडांचा ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ जुन्या बाजारात मिळाला तर मात्र सोडू नका. १९९३च्या आवृत्तीपासून त्यात प्रत्येक अर्थापुढे काळाची खूण असते. शतकाच्या आकड्याआधी ‘ई’ असेल तर शतकाची पहिली तीस वर्षं, ‘एम’ असेल तर मधली चाळीस आणि ‘एल’ असेल तर शेवटची तीस. एवढी एक खूण बघायची सवय लागली तरी निम्म्या चुका टळतात.

शक्य असेल तिथे कागदाच्या काळातलाच कोश वापरा. अठराव्या शतकातल्या पत्रांना सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश. कंपनीच्या हिंदुस्थानी शब्दांना यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा ‘हॉब्सन-जॉब्सन’. आणि एकोणिसाव्या शतकातल्या कागदांना आपल्याकडचा खजिना, मोल्सवर्थ आणि कँडी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. कँडी उघडला की त्या काळी त्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणत होते हेच समोर येतं. मला कितीदा त्यात असा शब्द मिळाला आहे, जो आजीच्या तोंडी ऐकला होता आणि मी विसरून गेले होते. मोल्सवर्थ वापरताना मात्र एक जपायचं. त्यातले मराठी शब्दांचे अर्थ ज्या इंग्रजीत दिलेत ते इंग्रजीही त्याच काळचं आहे. ते आजच्या अर्थाने वाचलं तर मराठी शब्दच चुकीचा कळतो.

मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ, हा नवख्यांसाठी चांगला सराव आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले हे खंड, पुणे जिल्ह्याचे तर तीन भाग १८८५चे. भाषा आपल्या जवळची, गावं ओळखीची. आणि तरी खड्डे आहेतच. लोकसंख्येच्या प्रकरणात जातींचे गट पाडलेत, त्यात ‘रायटर्स’ असा एक गट आहे. तो लेखणीवर पोट भरणाऱ्यांचा, कारकुनी पेशाचा. ‘हजबंडमेन’ म्हणजे शेतकरी. हे ‘नवरे’ असं लिहिलेलं मी एका कच्च्या खर्ड्यात स्वतः पाहिलं आहे. ‘टँक’ म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, तलाव. आणि इंग्रज माणूस ‘कॉर्न’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात धान्य असतं, मका नव्हे.

थोडं सर्वनामाबद्दल, कारण इथे मराठी माणसाला इंग्रजाहूनही जास्त सोपं जायला हवं आणि तरी आपण चुकतो. ‘दाऊ’, ‘दी’, ‘दाय’ प्रार्थनेत दिसतात म्हणून बहुतेकांना ती आदरार्थी वाटतात आणि अनुवादात ‘आपण’ येतं. खरं उलट आहे. ‘दाऊ’ म्हणजे आपला ‘तू’. ‘यू’ हे अनेकवचन आणि आदरार्थी, म्हणजे ‘तुम्ही’. १६०३मध्ये वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना ‘दाऊ’ म्हणून हिणवलं. त्या काळी ‘दाऊ’ हे क्रियापदासारखंही वापरत, आणि त्याला मराठीत जसाच्या तसा वाक्प्रचार आहे, अरेतुरे करणे. मग देवाला ‘दाऊ’ का? ज्या कारणाने आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो त्याच कारणाने. हे मराठी वाचकाला समजावून सांगावंही लागत नाही. फक्त ‘तू’ लिहायचं.

हस्तलिखितांत ‘वाय’ आणि वर चढवलेलं छोटं ‘ई’ दिसलं तर ते ‘ये’ नाही, ते ‘द’ आहे. इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचं एक जुनं अक्षर होतं, लिहिताना ते ‘वाय’सारखं दिसू लागलं, इतकंच. बायबलमधलं ‘ये’ हे मात्र खरं सर्वनाम आहे, ‘तुम्ही’ अशा अर्थाचं.

पोटापाण्याचं काम मात्र वखारीच्या पत्रांतून येत नाही, ते दस्तऐवजांतून येतं. मुंबईतल्या जुन्या मिळकतींचे इंग्रजी कागद, मृत्युपत्रं, भाडेपट्टे. घरच्यांना कज्जा मिटवायचा असतो, म्हाताऱ्या माणसाला आपल्या वडिलांनी काय लिहून ठेवलं ते मराठीत वाचायचं असतं. इथे चूक झाली तर कुणाची तरी भिंत जाते, म्हणून मी या कामाला वखारीच्या पत्रांपेक्षाही जास्त भिते.

या कागदांत ‘डिमाइज’ म्हणजे निधन नव्हे, भाडेपट्ट्याने देणे. मृत्यूचा अर्थ नंतर आला, कारण माणूस गेला की मिळकत दुसऱ्याच्या हाती जाते. ‘प्रेझेंट्स’ म्हणजे भेटी नव्हेत, हाच समोरचा दस्त. ‘इश्यू’ म्हणजे मुद्दा नव्हे, संतती. ‘विदाउट इश्यू’ वारला म्हणजे निःसंतान वारला. ‘मॉइटी’ म्हणजे निम्मा हिस्सा. आणि ‘डिटरमिन’ म्हणजे ठरवणे नव्हे, संपुष्टात येणे. हा शेवटचा शब्द तर अजून जिवंत कायद्यात आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १११ भाडेपट्टा कसा ‘डिटरमिन’ होतो ते सांगतं. ‘सेड’ आणि ‘अफोरसेड’साठी ‘सदर’ किंवा ‘मजकूर’ वापरा. जुन्या मराठी कागदांत ‘मजकूर’ याच कामाला होता. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांत तारखेपुढे ‘इन्स्टंट’ आलं की ते ‘लगेच’ नाही, चालू महिना. ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना. ‘साल मजकूर’, ‘साल गुदस्त’ वाचलेल्या माणसाला हे पटकन कळतं. म्हणून म्हणते, जुन्या इंग्रजीसाठीसुद्धा जुनी मराठी वाचत राहा. मोडी येत असेल तर फारच चांगलं.

तारखांचा आणखी एक सापळा. इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे सुरतेवरच्या स्वारीचा जानेवारी, जो आपण १६६४ म्हणतो, तो तिथल्या हिशेबाने अजून १६६३च होता. पत्रांत अशी सालं कधी कधी जोडीने लिहिलेली असतात, १६६३/६४. हे छापताना ‘दुरुस्त’ करू नका. जसं आहे तसं ठेवा आणि तळटीप द्या. दिवसांतही दहाचा फरक असतो, कारण तेव्हा इंग्रज अजून जुनंच पंचांग धरून होते.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण मला कुणी बोललं नव्हतं. जुन्या कागदाचं काम शब्दागणिक दराने घेऊ नका. एका शब्दापायी अख्खी दुपार जाते आणि त्या दुपारची किंमत त्या एका शब्दात बसत नाही. पानामागे दर ठरवा आणि हस्तलिखित असेल तर वाचून लिहून काढण्याचा वेगळा. एका प्रकाशन संस्थेने माझ्याकडून तळटीपा लिहून घेतल्या आणि ‘त्या मजकुरात धरत नाही’ म्हणून त्यांचे पैसे दिले नाहीत. तेव्हापासून तळटीपांचा उल्लेख मी करारातच करते. तळटीप सोडून द्यायची नाही, हेही त्याबरोबर. ज्या शब्दावर तुम्ही अडलात, त्यावर पुढचा वाचकही अडणार आहे. तिथे कोणता कोश, कोणत्या सालची आवृत्ती, एवढं लिहिलं की तो तुमच्यावर विश्वास न ठेवताही पडताळून पाहू शकतो.

सुरुवात कुठून करायची असं मुलं विचारतात. तुमचा पासपोर्ट काढा. आत राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापली आहे तिच्यात धारकाला ‘लेट’ आणि अडथळ्याशिवाय जाऊ द्यावं असं आहे. ‘लेट’ म्हणजे तर होऊ देणे, मग ‘लेट’शिवाय जाऊ देणे म्हणजे काय? जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक होऊ देणे आणि एक अडवणे. काळाच्या ओघात दोन्हींचं रूप एकच झालं. हॅम्लेट भुताच्या मागे निघतो आणि सोबती त्याला धरू लागतात तेव्हा तो म्हणतो, मला जो ‘लेट’ करील त्याचंच भूत करीन. अडवणारं ते क्रियापद पुढे मेलं, पण पासपोर्टात अजून शिल्लक आहे. हिंदीत तिथे ‘बिना रोक-टोक’ म्हटलंय, ते अगदी नेमकं आहे.

त्यानंतर गॅझेटियरचं एक पान घ्या, आपल्याच तालुक्याचं. अवघड शब्दांना हात लावू नका. जे शब्द तुम्हाला पक्के येतात आणि तरी वाक्यात किंचित अडखळतात, फक्त त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तेवढेच कोशात बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका पानावर एकवीस रेघा आल्या. बारा शब्द आजच्याच अर्थाचे निघाले. उरलेले नऊ मी एका वहीत उतरवले, शब्दापुढे साल, सालापुढे अर्थ. ती वही आता चौथी चालू आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावरचं पहिलं नाव अर्थातच ‘डाउट’ आहे, आणि त्याच्यासमोर बाईंच्या अक्षरात एक शब्द, ‘धास्ती’.